विष्णुशास्त्री चिपळूणकर : टीका शिकवली, पण फुल्यांपुढे तोल गेला

विष्णुशास्त्री चिपळूणकरांना आयुष्य मिळालं ते पुरतं ३२ वर्षांचंही नाही. जन्म २० मे १८५०, पुण्यात. वडील कृष्णशास्त्री नावाजलेले पंडित, त्यामुळे घरात पुस्तकांचा राबता. वडिलांनी अर्धवट ठेवलेलं जॉन्सनच्या 'रासेलस'चं भाषांतर पुढे मुलानेच पुरं केलं.

जानेवारी १८७४ मध्ये, सरकारी शाळेतली मास्तरकी सांभाळून, त्यांनी 'निबंधमाला' काढली. ८४ अंक निघाले, आणि लिखाण जवळजवळ सगळं एकट्याचं! त्यातच 'ग्रंथांवर टीका' हा निबंध आला. टीका म्हणजे निंदा नव्हे, पुस्तकाचे गुण आणि दोष दोन्ही तपासायचे, हे मराठी वाचकाला त्यांनी पटवून दिलं. छापील पुस्तकं नुकती कुठे वाढू लागली होती, तेव्हा हे कुणीतरी सांगणं गरजेचंच होतं.

पण प्रत्यक्ष परीक्षणाला बसल्यावर शास्त्रीबुवांची लेखणी सुटायची. लोकहितवादी त्यांच्याहून २७ वर्षांनी मोठे, न्यायखात्यात काम केलेले. त्यांचीही गय झाली नाही. निदान तिथे वाद विचारांचा तरी होता. जोतीराव फुल्यांच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. 'गुलामगिरी' १८७३ साली आलेली, सत्यशोधक समाजही त्याच वर्षीचा. शूद्रातिशूद्रांना पिढ्यान् पिढ्या कुणी आणि कसं दाबून ठेवलं, हा फुल्यांचा सवाल. शास्त्रीबुवांनी मात्र व्याकरण काढलं, शुद्धलेखन काढलं, भाषेची टर उडवली. ज्यांना शाळेची पायरीच चढू दिली नाही, त्यांच्या बाजूने लिहिणाऱ्याच्या वेलांट्या मोजायच्या, याला परीक्षण कसं म्हणावं? विद्वत्ता होती, विनोदही होता. समोरच्याचं म्हणणं आधी नीट ऐकून घ्यायचं तेवढं राहून गेलं.

बाकी माणूस धडाडीचा. १८७९ मध्ये सरकारी नोकरीवर पाणी सोडलं, जानेवारी १८८० मध्ये टिळकांना बरोबर घेऊन न्यू इंग्लिश स्कूल काढलं. पुढच्याच वर्षी 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले. १७ मार्च १८८२ रोजी ते गेले.

त्यानंतर वर्षभराने, १८८३ मध्ये, फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. भाषा तीच, रांगडी.