लिंकनच्या बायकोलाही फोटोत नवऱ्याचं भूत दाखवणारा विल्यम ममलर

फोटोत पांढरा गोळा किंवा धुरकट उजेड दिसला की तो लगेच व्हायरल होतो. एक गट म्हणतो, हा आत्मा. दुसरा म्हणतो, लेन्ससमोरच्या धुळीवर फ्लॅशचा उजेड पडलाय. हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे आणि तो गाजवला विल्यम ममलर या माणसाने.

१८३२ साली जन्मलेला ममलर अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये दागिन्यांवर नक्षी कोरायचा. फोटोग्राफी हा त्याचा फावल्या वेळातला नाद. १८६० नंतरच्या काळात एकदा त्याने स्वतःचाच फोटो काढला, तर शेजारी एका मुलीची अंधूक आकृती उमटली. ही आपली १२ वर्षांपूर्वी वारलेली नात्यातली (सख्खी नव्हे) बहीण असल्याचं तो सांगू लागला.

काळ यादवी युद्धाचा होता. त्यात सहा लाखांहून जास्त सैनिक गेले. घरोघरी कुणी ना कुणी गमावलेलं. गेलेल्या माणसाला एकदा तरी बघता यावं म्हणून लोक ममलरकडे रांगा लावू लागले. तो फोटोंचे दहा डॉलरपर्यंत पैसे घ्यायचा. त्या काळी ही रक्कम मोठी होती.

संशय घेणारेही होते. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर निघायचे. जुनी प्लेट नीट साफ केली नाही किंवा एकाच प्लेटवर दोनदा फोटो घेतला, तर अशी आकृती सहज उमटते. पुढे तर बोस्टनमधल्या काही जिवंत माणसांचेच चेहरे त्याच्या फोटोंत भुतं म्हणून ओळखले गेले. मात्र जे. डब्ल्यू. ब्लॅकसारख्या नावाजलेल्या फोटोग्राफरने समोर उभं राहून पाहिलं, त्यालाही लबाडी सापडली नाही.

१८६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ममलरला फसवणुकीच्या आरोपाखाली अटक झाली. प्रसिद्ध तमासगीर पी. टी. बार्नम त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला. असे फोटो किती सोपे आहेत हे दाखवायला त्याने स्वतःचा लिंकनच्या भुतासोबतचा फोटो मुद्दाम बनवून आणला होता. सरकारी पक्षाने युक्तीच्या अनेक पद्धती सांगितल्या, पण ममलरने नेमकी कोणती वापरली हे काही सिद्ध झालं नाही. पुराव्याअभावी जजने त्याला सोडून दिलं.

तो बोस्टनला परतला. १८७२ च्या सुमारास त्याच्याकडे काळ्या कपड्यातली एक विधवा आली. ती अब्राहम लिंकनची बायको मेरी. फोटोत तिच्या खांद्यांवर हात ठेवून लिंकन उभा दिसतो. हाच ममलरचा सगळ्यात गाजलेला फोटो.

१८८४ मध्ये ममलर वारला. त्याने गुन्हा कधीच कबूल केला नाही. आज अभ्यासक हे फोटो डबल एक्स्पोजरचे मानतात. कोर्टात लबाडी पकडली गेली नाही, पण म्हणून भूत सिद्ध होत नाही. अंधूक चेहऱ्यात आपलं माणूस ओळखण्याचं काम मात्र समोरचा दुःखी माणूसच करत होता.