खडकी वसवणारा मलिक अंबर

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, मुलांना एक सोपा प्रश्न विचारून बघा. आपल्या जिल्ह्याचं शहर कोणी वसवलं? बहुतेक मुलं औरंगजेबाचं नाव घेतात. मोठी माणसंही घेतात. खरं तर औरंगजेबाच्या जन्माआधीच, 1610 च्या सुमारास, खडकी नावाच्या छोट्या गावाच्या जागी हे शहर उभं राहिलं होतं. ते वसवणारा माणूस एकेकाळी बाजारात विकला गेलेला गुलाम होता.

मलिक अंबरचा जन्म 1548 च्या आसपास आफ्रिकेतल्या इथिओपियात झाला. लहानपणीचं नाव चापू. कोवळ्या वयात त्याची विक्री झाली, आणि मग एका धन्याकडून दुसऱ्याकडे असा तो अरबस्तान, बगदाद करत फिरला. मीर कासिम नावाच्या धन्याने त्याला इस्लामची दीक्षा दिली, लिहायला-वाचायला शिकवलं, हिशेब शिकवला. अंबर हे नावही तिथलंच. शिक्षक म्हणून माझं मन इथे थोडं थांबतं. पुढच्या आयुष्यात त्याला जे उपयोगी पडलं, त्याची सुरुवात त्या हिशेबाच्या वहीत होती.

दख्खनमध्ये त्याला अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने विकत घेतलं. हा चंगेजखानही मूळचा हबशी गुलामच! तो वारल्यावर अंबर मोकळा झाला, काही काळ विजापूरकडे राहिला आणि परत निजामशाहीत आला.

1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. निजामशाही संपली असं सगळ्यांनाच वाटलं. अंबरने मात्र राजघराण्यातल्या मुर्तझाला परांड्याला गादीवर बसवलं आणि पुढची पंचवीस वर्षं आधी अकबराशी, मग जहांगीरशी झुंज दिली. समोरासमोर लढायचं नाही, रसद तोडायची, डोंगरात ओढायचं, ही त्याची रीत. मराठा सरदार त्याच्या बाजूने लढत. 1624 च्या भातवडीच्या लढाईत त्याने तलावाचा बांध फोडून मोगल आणि आदिलशाही फौजेची छावणी चिखलात अडकवली. त्या लढाईत शहाजीराजे होते, आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच कामी आले.

जहांगीर तर इतका चिडला होता, की भाल्यावरच्या अंबरच्या मुंडक्याला आपण बाण मारतोय असं चित्र त्याने काढून घेतलं. प्रत्यक्षात अंबर कधीच त्याच्या हाती लागला नाही.

पण मला लढायांपेक्षा पाणी महत्त्वाचं वाटतं. मराठवाड्यात राहणाऱ्याला वाटणारच! उत्तरेकडच्या डोंगरातलं भूगर्भातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून, फक्त उताराच्या जोरावर, त्याने खडकीत आणलं. तीच नहर-ए-अंबरी. ना पंप, ना वीज. 1616 मध्ये मोगलांनी खडकी जाळली, तरी त्याने ती पुन्हा उभी केली. जमिनीचा कस आणि पीक बघून शेतसारा ठरवण्याची त्याची पद्धतही नावाजली गेली. मलिकंबरी धारा म्हणतात तो हाच.

हे शिकवताना मुलांनी एक प्रश्न विचारला, तुम्हालाही विचारतील. स्वतः गुलामी भोगलेल्या माणसाने आपल्या फौजेत हबशी गुलाम का ठेवले? प्रश्न टाळू नका. त्याने ठेवले, हे खरं आहे. त्या काळी फौजा अशाच उभ्या राहत, हेही खरं आहे. थोर माणसाची ही बाजू झाकली तर मुलं पुढे आपलं काहीच खरं मानणार नाहीत.

1626 मध्ये, सुमारे ऐंशीच्या घरात, तो वारला. शहराला आधी त्याच्या मुलाच्या नावावरून फतेहनगर, मग 1653 नंतर औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर असं नाव मिळालं.

देवगाव रंगारीहून वेरूळला सहल नेता ना? मग पुढे खुलताबादपर्यंत जा. तिथे त्याचा मकबरा आहे, त्याने जिवंतपणीच बांधून घेतलेला. वहीत काही लिहून आणायला सांगू नका. मुलांना तिथे जरा वेळ बसू द्या.