घ्यायचा की नाही?

१९८३ च्या प्लेऑफमध्ये मिलवॉकीने बोस्टन सेल्टिक्सला ४-० धुतलं. समोरच्या तगड्या गार्डना रोखायला बोस्टनकडे माणूसच नव्हता. त्यांनी रिक रोबीला देऊन फिनिक्सकडून डेनिस जॉन्सनला घेतलं. रिस्क होती भावा!

शाळेच्या टीममध्ये बहुतेक वेळ बेंचवर बसलेला, शाळेनंतर फोर्कलिफ्ट चालवणारा हा पोरगा. १९७८ च्या फायनलच्या सातव्या मॅचमध्ये सिॲटलकडून त्याने १४ शॉट मारले, एकही पडला नाही. टीम हरली. पुढच्याच वर्षी सिॲटल चॅम्पियन आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू हाच! पण कोचशी खटके उडायचे. सिॲटलने त्याला फिनिक्सला देऊन टाकलं, तिथेही तेच. कटकट्या म्हणून नाव पडलं.

बोस्टनने त्याला पॉइंट गार्ड केलं. १९८४ च्या फायनलमध्ये चौथ्या मॅचपासून तो मॅजिक जॉन्सनला अक्षरशः चिकटला. मोक्याच्या क्षणी मॅजिक चुकू लागला, लेकर्स ४-३ ने हरले. असलं काम स्कोअरकार्डात कुठे दिसतं? १९८६ मध्ये आणखी एक टायटल.

२००७ मध्ये ऑस्टिनला कोच असताना प्रॅक्टिस संपवून बाहेर पडला आणि कोसळला. वय फक्त ५२. हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं ते २०१० मध्ये.