एडविन बडिंग

एडविन बिअर्ड बडिंग (१७९६ – १८४६) हे इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातील यंत्रकारागीर व संशोधक होते. हिरवळ कापण्याचे जगातील पहिले यंत्र त्यांनी तयार केले. ३१ ऑगस्ट १८३० रोजी त्या यंत्राला इंग्लंडचे ५९९० क्रमांकाचे पेटंट मिळाले. हाताने ढकलावयाचे, रुळावर चालणारे आणि फिरत्या पात्यांनी गवत कातरणारे हे यंत्र आजही मूळ रचनेत फारसा बदल न होता वापरात आहे. जिमखान्याच्या मैदानावर किंवा सार्वजनिक उद्यानात माळी जे खडखडणारे यंत्र ढकलत नेताना दिसतो, त्याचे मूळ स्ट्राउड या गावाजवळच्या लोकरी कापडाच्या गिरण्यांत आहे.

पार्श्वभूमी

बडिंग यांचा जन्म स्ट्राउडजवळील ईस्टिंग्टन येथे झाला. स्ट्राउडच्या दऱ्यांतून वाहणाऱ्या ओढ्यांच्या काठी त्या काळी पाणचक्क्यांवर चालणाऱ्या कापडगिरण्या दाटीने उभ्या होत्या. ब्रिटिश सैनिकांच्या लाल गणवेशाचे कापड हे या भागाचे प्रसिद्ध उत्पादन होते. बिलियर्डच्या टेबलावर अंथरावयाचे हिरवे कापडही येथे विणले जाई. गिरण्यांमुळे लोहार, ओतारी, सुतार आणि यंत्रांची दुरुस्ती करणारे कारागीर यांना बारमाही काम मिळे. बडिंग यांनी सुरुवातीस सुतारकाम केले व पुढे ते यंत्रांच्या कामाकडे वळले. कोणत्याही एका मालकाशी कायमचे बांधले न जाता निरनिराळ्या गिरण्यांसाठी व ओतशाळांसाठी त्यांनी काम केले.

गवत कापण्याच्या यंत्रापूर्वी त्यांनी एक पिस्तूलही बनविले होते. ते अनेक नळ्यांचे असून एका बारानंतर नळ्यांचा जुडगा हाताने फिरवून पुढची नळी समोर आणता येई. सॅम्युएल कोल्ट या अमेरिकी संशोधकाच्या फिरत्या पिस्तुलाच्या पेटंटाआधीची ही रचना आहे. बडिंग यांचे नाव कोरलेली अशी काही पिस्तुले आजही उपलब्ध आहेत. फिरणाऱ्या भागाकडून काम करून घेण्याची त्यांची आवड येथेच दिसू लागते.

कापडावरील लव आणि जमिनीवरील गवत

बडिंग यांच्या शोधाचे मर्म समजण्यासाठी लोकरी कापड कसे तयार होई, हे पाहणे आवश्यक आहे. विणलेले लोकरी कापड पाण्यात कुटून घट्ट केले जाई. नंतर काटेरी बोंडांनी घासून त्याच्या पृष्ठभागावर तंतूंची लव वर काढली जाई. ही लव उंचसखल असे. ती एकसारखी कातरल्यावरच कापडाला मखमलीसारखी गुळगुळीत कांती येई. हे कातरण्याचे काम पूर्वी कुशल कारागीर सुमारे चार फूट लांबीच्या जड कात्र्यांनी हाताने करीत. एक चुकीचा कट अख्ख्या ताग्याची किंमत घालवी. त्यामुळे या कारागिरांना चांगली मजुरी व मानही मिळे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे काम यंत्रांकडे गेले. स्ट्राउडजवळील ब्रिम्सकोम येथील जॉन लुईस यांच्या यंत्रात एका रुळाभोवती पोलादी पाती मळसूत्राप्रमाणे तिरकी बसविलेली असत. खाली एक सरळ, स्थिर पाते असे. रूळ फिरू लागला की तिरक्या पात्याचा एकेक बिंदू क्रमाक्रमाने स्थिर पात्यावरून सरकत जाई व मधे सापडलेली लव कात्रीने कापावी तशी छाटली जाई. पात्यांच्या तिरकसपणामुळे सबंध रुंदीवर एकदम जोर पडत नसे. म्हणून थोड्या शक्तीत अखंड व एकसारखी कापणी होई.

गिरण्यांत नित्य वावर असलेल्या बडिंग यांनी हे यंत्र जवळून पाहिले होते. जे यंत्र कापडावरील लव कातरते ते जमिनीवरील गवतही कातरू शकेल, ही कल्पना आज सोपी वाटते. परंतु दोन्ही कामांत महत्त्वाचा फरक होता. गिरणीत यंत्र जागेवर स्थिर असे, कापड त्याखालून सरकत जाई आणि पाणचक्कीची शक्ती आयतीच हाताशी असे. बागेत जमीन हलू शकत नाही. तेव्हा यंत्रालाच गवतावरून चालावे लागणार, आणि पाती फिरविण्याची शक्तीही त्या चालण्यातूनच मिळवावी लागणार. बडिंग यांचे खरे कर्तृत्व पात्यांत नसून या उलटापालटीत आहे.

यंत्राची रचना

पहिल्या यंत्राची कापणीची रुंदी १९ इंच होती. सांगाडा घडीव लोखंडाचा होता. मागील बाजूस जमिनीवरून लोळणारा एक मोठा रूळ होता. माणूस दांडी धरून यंत्र पुढे ढकली, तेव्हा हा रूळ फिरे. बिडाच्या दातेरी चाकांच्या साहाय्याने त्याची गती पुढील पात्यांच्या रुळाकडे जाई. मागील रुळाची एक फेरी पूर्ण होईपर्यंत पात्यांचा रूळ सोळा फेऱ्या घेई. मधे असलेला आणखी एक लहान रूळ वरखाली करून गवत किती उंचीवर कापावयाचे ते ठरविता येई. कापलेले गवत पुढे उडून एका पेटीत जमा होई.

मागील रुळाचे काम दुहेरी होते. तो पात्यांना गती देई आणि त्याच वेळी कापलेली हिरवळ दाबून सपाट करी. कापणे, गोळा करणे व दाबणे ही तीन कामे एकाच फेरीत होत. मात्र यंत्र जड होते. एकट्या माणसाला ते रेटणे अवघड जाते असे लवकरच ध्यानात आल्यामुळे पुढच्या बाजूस दुसरी दांडी जोडण्यात आली. एकाने मागून ढकलावे व दुसऱ्याने पुढून ओढावे, अशी ही जोडी असे.

यापूर्वी हिरवळ कापण्याचे साधन म्हणजे लांब दांड्याचा, वाकड्या पात्याचा मोठा विळा. उभ्यानेच तो जमिनीलगत अर्धवर्तुळात फिरवीत मजूर ओळीने पुढे सरकत. कोरडे आखूड गवत पात्यापुढे वाकते, दवाने ओले झालेले गवत चांगले कापले जाते. म्हणून हे काम पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी संपवावे लागे. मागोमाग झाडूवाले कापलेले गवत गोळा करीत. हात कितीही कसलेला असला तरी पात्याच्या फेऱ्यांचे वर्तुळाकार ओरखडे आणि मधूनमधून खरवडलेले ठिपके हिरवळीवर उमटत. हे दोष टाळणे हा आपल्या यंत्राचा मुख्य हेतू असल्याचे बडिंग यांनी पेटंटाच्या अर्जात नमूद केले होते. यंत्राला ओले नव्हे तर कोरडे गवत मानवे, त्यामुळे पहाटेची सक्ती संपली. गावाकडच्या सद्गृहस्थांनी हे यंत्र स्वतः चालविल्यास त्यांना करमणूक व आरोग्यदायी व्यायाम दोन्ही लाभतील, असेही त्या अर्जात सुचविले आहे. यंत्र चालविणारा माणूस मजूरच असेल असे त्यांनी गृहीत धरले नाही, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लक्षणीय आहे.

फेराबी यांच्याशी भागीदारी

त्या काळी इंग्लंडमध्ये पेटंट मिळविण्याचा खर्च शंभर पौंडांहून अधिक होता. एका कारागिराला तो झेपणारा नव्हता. थ्रप येथील फीनिक्स ओतशाळेचे चालक जॉन फेराबी यांच्याशी बडिंग यांनी १८ मे १८३० रोजी करार केला. पेटंटाचा व यंत्र विकसित करण्याचा खर्च फेराबी यांनी सोसावयाचा, यंत्रे बनविण्याचे, विकण्याचे व इतरांना परवाने देण्याचे हक्क त्यांच्याकडे राहावयाचे आणि नफा दोघांनी वाटून घ्यावयाचा, असे कराराचे स्वरूप होते. पेटंट बडिंग यांच्या नावावर निघाले, पण व्यवहाराच्या किल्ल्या फेराबी यांच्याकडे गेल्या.

लोक वेड्यात काढतील या भीतीने बडिंग यांनी यंत्राच्या चाचण्या रात्रीच्या अंधारात घेतल्या, असे स्ट्राउड परिसरात सांगितले जाते. ही आख्यायिका समजावी. मात्र तो काळ यंत्रांविषयीच्या रोषाचा होता, हे खरे आहे. पेटंट मंजूर झाले त्याच ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस केंट परगण्यात शेतमजुरांनी मळणी यंत्रे फोडण्यास सुरुवात केली आणि नोव्हेंबरपर्यंत तो उठाव ग्लॉस्टरशायरपर्यंत पोहोचला. कापड कातरण्याच्या यंत्रांनीही त्याआधी अनेक कुशल कारागिरांचा रोजगार हिरावून घेतला होता.

सुरुवातीच्या ग्राहकांत लंडनमधील रीजंट्स पार्क येथील प्राणिसंग्रहालय आणि ऑक्सफर्डमधील महाविद्यालये होती. विळे व झाडू घेतलेल्या सहा ते आठ माणसांचे काम हे यंत्र करते, असा अनुभव प्राणिसंग्रहालयातील मुकादमाने कळविला होता. जाहिरातीच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होता, पण ज्या सहा-आठ माणसांचे काम वाचले त्यांचे पुढे काय झाले याची नोंद कोणी ठेवली नाही. मोठ्या यंत्राची किंमत १० गिनी व लहानाची ७ गिनी होती. साध्या मजुराच्या अनेक आठवड्यांच्या कमाईएवढी ही रक्कम असल्याने प्रारंभी श्रीमंतांच्या बागांतच त्याचा प्रवेश झाला. उद्यानविद्येवरील प्रसिद्ध लेखक जॉन क्लॉडियस लाउडन यांनी आपल्या मासिकातून यंत्राची प्रशंसा केली. १८३२ पासून इप्सविच येथील रॅन्सम कंपनीने परवाना घेऊन ही यंत्रे बनविण्यास आरंभ केला.

डर्स्ली येथील अखेरची वर्षे

पुढे बडिंग स्ट्राउडजवळच्याच डर्स्ली या गावी राहावयास गेले. तेथे जॉर्ज लिस्टर यांच्यासाठी त्यांनी लोकर पिंजण्याच्या यंत्रांत सुधारणा केल्या. अर्ल ऑफ ड्यूसी व रिचर्ड क्लायबर्न यांच्यासमवेत वैरण बारीक कापण्याच्या यंत्रावरही काम केले. आपल्याकडील कडबाकुट्टीच्या जातीचेच ते यंत्र होते. हवा तसा आकडा लहानमोठा करता येणारा पाना हा शोधही बडिंग यांच्या नावावर सांगितला जातो, परंतु त्याचे श्रेय क्लायबर्न यांनाही दिले जाते. १८४६ मध्ये पक्षाघाताने वयाच्या पन्नाशीत बडिंग यांचे डर्स्ली येथे निधन झाले.

पेटंटाची मुदत त्या काळी १४ वर्षांची असे. म्हणजे बडिंग यांच्या मृत्यूपूर्वी दोनच वर्षे आधी त्यांचे हक्क संपले होते. यंत्राची मोठी मागणी त्यानंतरची आहे. शोधाचा खरा पैसा संशोधकाच्या हाती पडला नाही तो यामुळे.

नंतरचा प्रसार

इंग्लंडचे पेटंट स्कॉटलंडला लागू नसे. आर्ब्रोथ येथील अलेक्झांडर शँक्स यांनी १८४० नंतरच्या काळात तेथे घोड्याने ओढावयाची रुंद यंत्रे बनविली. खुरांचे ठसे हिरवळीवर उमटू नयेत म्हणून घोड्यांच्या पायांत चामड्याचे जोडे घालीत. दातेरी चाकांचा खडखडाट ही बडिंग यांच्या यंत्राची मोठी उणीव होती. लीड्स येथील टॉमस ग्रीन यांनी १८५९ मध्ये साखळीवर चालणारे, कमी आवाजाचे यंत्र आणून ती दूर केली. वजन घटले आणि किंमत उतरली, तेव्हा शहराच्या कडेला लहान घर व पुढे चार हात हिरवळ असलेल्या मध्यमवर्गीयांनाही ते परवडू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी पेट्रोलची यंत्रे आली.

खेळांवर झालेला परिणाम याहून दूरगामी आहे. त्यापूर्वी क्रिकेटची मैदाने आखूड ठेवण्याचे काम मुख्यतः मेंढ्यांकडे असे. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावरही मेंढ्या चरत. चेंडू सरळ व अंदाजाने उसळेल अशी सपाट खेळपट्टी, तसेच १८७० नंतर लोकप्रिय झालेला लॉन टेनिसचा खेळ, ही दोन्ही एकसारख्या कातरलेल्या हिरवळीशिवाय शक्य नव्हती.

हातयंत्राचा आजचा वापर

आजची हातयंत्रे बडिंग यांच्या यंत्रापेक्षा कितीतरी हलकी असली तरी तत्त्व तेच आहे. फिरती पाती व स्थिर पाते यांच्यातील अंतर हा त्यांचा प्राण होय. कागदाची पट्टी मधे धरून रूळ हाताने हळूच फिरविला असता ती संपूर्ण रुंदीभर स्वच्छ कापली गेली, तर अंतर योग्य समजतात. पाती एकमेकांवर घासत असतील तर यंत्र जड चालते व धार लवकर जाते, अंतर जास्त असेल तर गवत कापले न जाता दुमडते. गवत फार वाढू दिल्यास उंच काड्या पात्यांखाली येण्याऐवजी यंत्राच्या धक्क्याने पुढे आडव्या पडतात. म्हणून थोड्या थोड्या दिवसांनी, कोरड्या हिरवळीवर आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडासा चढवून यंत्र चालवितात. लहान खडा किंवा काटकीही पात्यात अडकून धार मोडू शकते, त्यामुळे आधी जागा झाडून घेण्याची पद्धत आहे. कात्रीसारख्या या कापणीने गवताचे टोक फाटत नाही. गोल्फच्या मैदानावरील अतिशय आखूड हिरवळीसाठी मोटारीवर चालणारी यंत्रेही याच कारणाने मळसूत्री पात्यांचीच वापरली जातात.

स्ट्राउड येथील संग्रहालयात बडिंग यांच्या रचनेचे एक आरंभीचे यंत्र जतन केलेले आहे.