मांडवातले जोतीराव

लग्नसराईत सावेडीच्या कुठल्याही मंगल कार्यालयात डोकावा. अंतरपाट धरलेला असतो, मंगलाष्टके चाललेली असतात आणि मागच्या रांगांत मुठीत अक्षता धरून गप्पा रंगलेल्या असतात. ज्या दोघांसाठी हा सारा थाट, त्यांना तरी मंत्रांचा अर्थ कळतो का? आज हा प्रश्न घरोघरी सहज निघतो. दीडशे वर्षांपूर्वी मात्र तो विचारणाऱ्याला किंमत मोजावी लागे. महात्मा जोतीराव फुले यांनी ती मोजली.

त्यांचे स्वतःचे लग्न १८४० साली झाले. नवरदेव १३ वर्षांचे, नायगावच्या नेवसे पाटलांची सावित्री ९ वर्षांची. दोघांना काही विचारण्याची तेव्हा रीतच नव्हती. पुढे १८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या वरातीत, माळ्याचा मुलगा आपल्या बरोबरीने चालतो म्हणून जोतीरावांचा अपमान झाला. लग्नाच्या मांडवातही माणसाची जात मोजली जाते, हे त्यांना त्या दिवशी उमगले. त्याच सुमारास ते अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आले होते. येथील अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून ते प्रभावित झाले आणि पुण्यात भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि तीनच महिन्यांत, २५ डिसेंबरला, पहिला सत्यशोधक विवाह लागला. वर सीताराम आल्हाट, वधू राधा. पुरोहित नाही, हुंडा नाही, खर्च पानसुपारीपुरता. वधूवरांनी वडीलधाऱ्यांसमोर आपल्याच भाषेत शपथ घेतली. मे १८७४ मध्ये ग्यानोबा ससाणे यांचे लग्न याच पद्धतीने ठरले, तेव्हा विरोध इतका झाला की पोलिसांचा बंदोबस्त ठेवावा लागला. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८४ मध्ये भटजींना न बोलावता घरचे कार्य उरकले, तर ग्रामजोशांनी बुडालेल्या दक्षिणेसाठी फिर्याद केली! प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेले आणि निकाल पाटलांच्या बाजूने लागला.

१८८७ मध्ये जोतीरावांनी या विधींचे पुस्तकच काढले. त्यातल्या मंगलाष्टकांत वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांबद्दल वचन मागते. लोकांना सांगितलेले त्यांनी घरातही पाळले. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी दत्तक पुत्र यशवंत याचे लग्न ससाण्यांच्याच मुलीशी सत्यशोधक पद्धतीने झाले. तेव्हा जोतीराव पक्षाघाताने खंगलेले होते. पुढच्याच वर्षी, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, ते गेले.

त्यांच्या काळात नोंदणी विवाहाचा कायदाही होता, १८७२ चा. पण त्यासाठी आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा कुठल्याच धर्माचे नाही, असे जाहीर करावे लागे. जोतीरावांची वाट वेगळी होती. त्यांनी निर्मिकावरची श्रद्धा ठेवली आणि फक्त मधला दलाल दूर केला.

आज १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात धर्म सोडावा लागत नाही. तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार पुरतात. १९५५ चा हिंदू विवाह कायदा वधू किंवा वर यांच्यापैकी कोणाच्याही रूढीप्रमाणे झालेला विधी मानतो. निकाहात दोघांची कबुली लागते, चर्चमध्ये दोघे स्वतः वचन देतात. विधी निरनिराळे असले तरी या सगळ्यांत होकार त्या दोघांचाच असावा लागतो.

तेव्हा घरात कार्य ठरले असेल, तर वैदिक की नोंदणी यावर वडीलधाऱ्यांनी वाद घालण्याआधी मुलाला आणि मुलीला जवळ बसवावे. बोहल्यावर आपण कशाला हो म्हणणार आहोत, हे त्यांना ठाऊक आहे का, एवढे विचारावे. हॉल, केटरर, बँड हे सगळे त्यानंतर.