साचलेल्या पाण्याचे मर्म जाणणारे रोनाल्ड रॉस

दूषित हवेमुळे हिवताप येतो, अशी समजूत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रूढ होती. ती खोटी ठरविणारे रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. ओढा काव्य, संगीत आणि गणिताकडे; परंतु वडिलांच्या इच्छेखातर ते वैद्यक शिकले व १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले.

१८८३ मध्ये बंगलोर येथे बंगल्यातील डासांनी ते त्रस्त झाले. खिडकीबाहेरच्या पिंपातील पाण्यात त्यांना अळ्या वळवळताना दिसल्या. पिंप उपडे करताच डास ओसरले. छावणीतील अशी सारी भांडी रिकामी करावीत, ही त्यांची सूचना मात्र अधिकाऱ्याने मानली नाही.

डास आणि हिवताप यांचा संबंध असावा, हा विचार १८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांच्या मनात रुजविला. सिकंदराबादला दोन वर्षे नेहमीचे डास तपासूनही हाती काही लागेना. अखेर ठिपकेदार पंखांचे, निराळ्या जातीचे डास मिळाले आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी हुसेन खान या रुग्णाचे रक्त प्यालेल्या डासाच्या जठरभित्तीत हिवतापाचे जंतू आढळले. पुढच्याच महिन्यात त्यांची बदली झाली व काम खंडित झाले. तरीही १८९८ मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांवर प्रयोग करून, डासाच्या लाळग्रंथींतून रोग पसरतो, हे त्यांनी सिद्ध केले. १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. १८९९ मध्ये सिएरा लिओनला त्यांनी पाण्याचाच अभ्यास केला. घरातील डबे-मडक्यांत साध्या डासांची पैदास होई. हिवतापाचे डास मात्र रस्त्याकडेच्या उथळ डबक्यांत वाढत. लवकर आटणारे वा वेगाने वाहणारे पाणी त्यांना मानवत नसे. अळ्यांना वाढीस पुरेसे दिवस स्थिर राहणारे पाणीच हवे असे. म्हणून डबकी बुजविणे व निचरा करणे, हा उपाय त्यांनी आग्रहाने मांडला. सुएझ कालव्यावरील इस्माइलिया शहरात तो अमलात येताच काही वर्षांत तेथील हिवताप जवळजवळ नाहीसा झाला.

१६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. एका तरुण डॉक्टरने उपडे केलेले पिंप त्या वेळी क्षुल्लक वाटले. पुढे असंख्य प्राण वाचविणाऱ्या उपायाचे बीज त्यातच होते. अंगणातील साचलेले पाणी वेळीच ओतून देणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून तेच कार्य आजही पुढे चालते.