लक्ष्मीबाईंची वेगळी चूल



वेसाव्यात राहणाऱ्याला मासळीच्या वासाचे वेगळे काही सांगावे लागत नाही. वलांडीवर बोंबील वाळू लागले की तो वास घरात येतो, कपड्यांना लागतो, आणि आपल्याला त्याचे काही वाटत नाही. पावसात बोटी किनाऱ्याला लागल्या की त्याच सुक्या बोंबलांवर आणि सुकटीवर घर चालते. पण याच मुंबईत भाड्याचे घर पाहायला गेलेल्या आपल्यापैकी कित्येकांना पहिला प्रश्न विचारला गेला आहे तो मासे खाता का हा, आणि उत्तर ऐकल्यावर पुढचे बोलणे थांबले आहे. आपले ताट दुसऱ्या कोणाला अशुद्ध वाटते हे कळल्यावर मनाला काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून या रविवारी आम्ही एका अशा बाईंचे चरित्र सांगणार आहोत, ज्यांना ख्रिस्ताकडे जाणारी वाट स्वयंपाकघरातून सापडली. त्या म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

टिळक पतिपत्नी आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचे नव्हते, ते अमेरिकन मराठी मिशनचे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. परंतु मराठीत प्रार्थना करणाऱ्या कुठल्याही ख्रिस्ती माणसाला टिळकांचे ऋण नाकारता येणार नाही, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तर अशा भिंती पुन्हा उभारण्याचे कारणच नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळ गोदावरीच्या काठी असलेल्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. घर सनातनी ब्राह्मणाचे, आणि त्यातही वडिलांचे सोवळे साऱ्या गावापेक्षा वरचढ. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. मीठसुद्धा धुतले जाई! धुतल्यावर त्यातले किती उरत असेल, याचा विचार आपल्या घरातल्या बायकांनी करावा. लक्ष्मीबाईंनी पुढे हे सारे हसत हसत लिहिले आहे, पण त्यामागचे कारण हसण्यासारखे नाही. १८५७ च्या उठावानंतर त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रज सरकारने फाशी दिले होते. त्या धक्क्याने वडिलांच्या मनात असे बसले की, या राज्यात सगळेच विटाळलेले आहे. दुखावलेला माणूस कधी कधी असा हात धूत राहतो. त्याचा त्रास मात्र घरातल्या बायकामुलांना सोसावा लागतो. त्या घरात पाणी भरणारी, निवडणारी, धुणारी आई होती, आणि ती काही बोलत नसे.

अकराव्या वर्षी मनकर्णिकेचे लग्न झाले आणि ती लक्ष्मी झाली. नवरा नारायण वामन टिळक. हुशार, कवी, वक्ता, आणि तितकाच तापट व लहरी. नोकरी धरायची आणि सोडायची, घरातून न सांगता निघून जायचे, हातात पैसे आले की समोर येईल त्या गरजवंताला देऊन मोकळे व्हायचे. संध्याकाळी चुलीवर काय चढवावे ही चिंता बायकोची. अशा माणसाशी संसार करणे सोपे नसते. थोर माणसांच्या चरित्रांत हा भाग बहुधा दोन ओळींत उरकतात, आणि डाळतांदळाचा हिशेब कोणी ठेवला ते सांगत नाहीत. लक्ष्मीबाईंनी स्वतःच तो सांगितला, म्हणून आपल्याला कळला. त्यांना शाळा अशी मिळालीच नाही. वाचायला शिकवले ते नवऱ्याने.

१८९३ च्या सुमारास टिळक आगगाडीने राजनांदगावला चालले होते. डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी गोष्टी निघाल्या. त्याने नव्या कराराचे पुस्तक हाती दिले आणि वाचून पाहा म्हणून सुचवले. टिळकांनी ते वाचले. पर्वतावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा स्नानसंस्कार झाला.

लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. लहानगा दत्तू पदरात. माहेरच्या नातेवाइकांच्या आधाराने, कधी पंढरपुरात तर कधी आणखी कोठे, अशी चारेक वर्षे गेली. एकाच घरातून दोघेजण दोन देवळांत जातात तेव्हा काय होते, हे आपल्या धर्मग्रामातल्या काही कुटुंबांना सांगायला नको. एकमेकांवर राग असतो आणि मायाही असते. पत्रे येतात, ती फाडलीही जातात आणि पुन्हा जोडून वाचलीही जातात.

अखेर त्या टिळकांकडे आल्या. अहमदनगर जिल्ह्यात संसार पुन्हा सुरू झाला. मात्र एका अटीवर. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, भांडी वेगळी. ख्रिस्ती माणसाने शिजवलेले त्या खाणार नाहीत. आणि जो टिळक आयुष्यभर आपलेच खरे करीत आला होता, त्याने ही अट मान्य केली. त्याने तिला ख्रिस्ती होण्याचा आग्रह केला नाही. ही गोष्ट आम्हाला त्यांच्या सगळ्या कवितांपेक्षा मोठी वाटते. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना नेमक्या अशाच घरांचा विचार केला आहे, जिथे एक श्रद्धावंत आहे आणि दुसरा नाही; आणि तिथे त्याने तोडण्याची घाई करू नये असेच सुचवले आहे. आपल्याकडे मात्र हिंदू घरातली सून आली आणि ती शुक्रवारीच काय, रोजच मासळी खात नसली, तर तिच्या वेगळ्या तव्यावरून केवढे रामायण होते! तिने आपल्यात यावे ही इच्छा असणे गैर नाही. पण तिचा तवा आपण नीट घासून ठेवतो का?

लक्ष्मीबाईंच्या मनात पुढे जे घडले ते प्रवचन ऐकून घडले नाही. त्यांनी स्वतःच विचार केला. देवाने पशू निराळे केले, पक्षी निराळे केले, झाडे निराळी केली, आणि ती निराळी आहेत हे कोणालाही पाहताच कळते. माणसांत ब्राह्मण कोण आणि महार कोण हे मात्र पाहून कळत नाही, ते सांगावे लागते. मग हा भेद देवाने केला की माणसाने? शाळेत न गेलेल्या बाईने एवढे एकटीने ताडले, आणि ताडल्यावर मागे पाहिले नाही. यापुढे कोणाच्याही हातचे खाईन, असा निश्चय त्यांनी केला. जिच्या लहानपणी मीठ धुऊन घेत, त्या बाईचा हा निश्चय! त्यात ख्रिस्ती होण्याचा विचार अजून नव्हता. आधी ताट मोकळे झाले, मग हृदय. १९०० साली त्यांनी स्नानसंस्कार घेतला.

हे वाचताना आम्हाला संत पेत्राची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तो आपल्यासारखाच समुद्रावरचा माणूस, जाळी ओढणारा. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात तो याफो येथे समुद्राकाठी एका चामडे कमावणाऱ्याच्या घरी उतरलेला आहे. त्या काळच्या यहुदी लोकांत हा धंदा हलका मानला जाई, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. दुपारची वेळ, पेत्र गच्चीवर प्रार्थनेला गेलेला, पोटात भूक, खाली स्वयंपाक चाललेला. आणि त्या भुकेतच त्याला दृष्टान्त होतो. चारी टोकांना धरलेले, शिडाच्या कापडासारखे मोठे कापड आकाशातून खाली येते आणि त्यात सर्व प्रकारचे प्राणी असतात. ते खायला सांगितले जाते आणि पेत्र तीनदा मागे सरतो. जन्मभर जे तोंडात घातले नाही ते कसे घालायचे? दृष्टान्ताचा अर्थ त्याला कळतो तो दोन दिवसांनी, कर्नेल्य नावाच्या परक्या रोमी अधिकाऱ्याच्या दारात. देवाने त्याला जेवणाच्या निमित्ताने माणसांविषयी शिकवले.

पण याच पेत्राने पुढे अंत्युखियात कच खाल्ली, हेही बायबलमध्ये लपवलेले नाही. तो परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून काही मंडळी आली आणि तो हळूच त्या पंगतीतून उठला. पौलाला ते सर्वांसमोर बोलून दाखवावे लागले. पहिल्या पोपची ही कथा. लोक काय म्हणतील हे भय दृष्टान्तालाही पुरून उरते.

इथे आम्हाला आमच्याच घरातले सांगितले पाहिजे. आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात, खिडकीशी, कान तुटलेला एक कप बरीच वर्षे होता. भांडी घासायला येणाऱ्या बाईचा चहा त्यात. कोणी ठरवले होते असे नाही. आईच्या वेळेपासून होता, आणि आम्ही त्याकडे कधी नीट पाहिलेही नव्हते. रोझरी म्हणून झाली की चहा होई, आणि तो कप वेगळा भरला जाई. लक्ष्मीबाईंचे पुस्तक वाचत असताना एका दुपारी त्या कपावर नजर गेली आणि वाचणे थांबले. मासे खाता म्हणून घर नाकारणाऱ्यांवर आम्ही किती तावातावाने बोललो होतो! दुसऱ्या दिवशी आम्ही बाईंना आमच्यातल्याच कपात चहा दिला. त्यांनी तो घेतला नाही. खिडकीशी जाऊन आपला कप काढला, चहा त्यात ओतून घेतला आणि आमचा कप घासून जागेवर ठेवला. समजावून सांगायला गेलो तर त्या नुसत्या हसल्या. त्या हसण्याला काय उत्तर द्यावे ते आम्हाला अजून सुचलेले नाही. पुष्कळ दिवसांनी, एकदा सर्वजण जमिनीवर बसून बोंबील साफ करीत असताना, त्यांनी मुलीच्या हातचा कप घेतला. बोलता बोलता घेतला. तुटक्या कानाचा कप त्यानंतर आम्ही टाकून दिला.

लक्ष्मीबाईंच्या वेगळ्या चुलीचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. १८९९ आणि १९०० मध्ये मोठा दुष्काळ पडला आणि नगर जिल्हा होरपळला. अनाथ पोरे दारोदार फिरत होती. टिळकांनी अशी पोरे घरी आणली आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना वाढले, न्हाऊमाखू घातले. कोणाची जात कोणती हे आता विचारायचेच नव्हते. तारा नावाची मुलगी तर त्यांची लेकच झाली. नंतर नगरच्या घरी एक तरुण कवी येऊन राहिला, त्र्यंबक बापूजी ठोमरे. सारा महाराष्ट्र त्याला बालकवी म्हणून ओळखतो. तो हिंदूच राहिला. त्याला ख्रिस्ती करण्याची खटपट त्या घरात झाली नाही, माया मात्र पोटच्या मुलाची मिळाली. १९१८ च्या मे महिन्यात रेल्वेखाली सापडून तो गेला, तेव्हा त्याचे वय अठ्ठावीसही पुरते झाले नव्हते. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळकही मुंबईत वारले.

मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंचे वय पन्नाशीचे होते. टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभले होते, त्याचे थोडेच अध्याय झाले होते. तीनशे वर्षांपूर्वी, १६१६ साली, येशूसंघाचे फादर स्टीफन्स यांनी आपल्या भाषेत 'ख्रिस्तपुराण' दिले. त्याच मार्गावरचे हे दुसरे मोठे काम अर्धवट राहणार असे दिसत होते. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि तब्बल चौसष्ट अध्याय रचले. मोठमोठ्या विद्वानांना न पेलणारे काम या शाळा न पाहिलेल्या बाईने संसार, आजारपण आणि नातवंडे सांभाळून केले. आणि त्याच वयात त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने बाहेर आली. स्वतःची फजिती त्या इतक्या मोकळेपणाने सांगतात की, नवऱ्याचे दोष सांगितले तरी वाचणाऱ्याच्या मनात टिळकांविषयी आदरच वाढतो. त्या पुस्तकात धर्मावर प्रवचने नाहीत. पाहुणे आहेत, भांडणे आहेत, रिकामे डबे आहेत, आणि त्यातूनच सारे उमगत जाते. शेवटचा भाग छापून आलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला, जलालपूरपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, त्यांनी देह ठेवला.

'स्मृतिचित्रे' आजही पुस्तकांच्या दुकानांत मिळते. रात्री रोझरी झाल्यावर रोज दोन-चार पाने मोठ्याने वाचावीत असे ते पुस्तक आहे. म्हाताऱ्यांना आवडते आणि मुले हसतात. आमच्याकडे एक प्रत आहे. हळदीचे डाग पडलेले आहेत, पण पाने सगळी आहेत. ज्यांना हवी असेल त्यांनी रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर मागून घ्यावी. वाचून झाल्यावर मात्र परत आणून द्यावी.